शेतावर राहून संगणक व इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण

जुन्नर शहराच्या उत्तरेस कुकडी नदी ओलांडून गेले म्हणजे लेण्याद्रीचा डोंगर समोर येतो. पायथ्याशी गोळेगाव आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर श्रीगिरिजात्मजाचे जे देवालय लागते, तो मूळचा बौद्ध विहार होय. खांब नसलेल्या त्या प्रशस्त मंडपाच्या कडेने भिक्षूंच्या निवासाच्या लहान लहान खोल्या खडकात खोदलेल्या आहेत. पावसाळ्यात प्रवास थांबवून भिक्षू अशा विहारांतून राहत आणि अध्ययन करीत. वर्षातील ज्या दिवसांत हिंडणे-फिरणे थांबते ते दिवस अभ्यासाला द्यावेत, ही रीत या डोंगराला नवी नाही.

देवालयासमोरून खाली पाहिले असता द्राक्षांचे मळे, टोमॅटो व कांद्याची शेते आणि विहिरींवरील पंपांच्या खोपी दृष्टीस पडतात. पूर्वी खोपीत एक स्टार्टर व एक फ्यूजची पेटी एवढेच असे. आज तेथे फोनवरून मोटर चालू-बंद करणारे यंत्र आहे, एखादी फेज गेल्यास मोटर थांबविणारे यंत्र आहे, कोठे कोठे ठिबक संचाची झडपे वेळेप्रमाणे उघडणारी पेटीही आहे. या वस्तू चैनीच्या नव्हेत. शेतीची वीज पाळीपाळीने रात्री येते आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर आहे, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र उगाच काढावे लागलेले नाही. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जाण्याऐवजी घरातूनच मोटर चालू करता आली, तर ती सोय जिवाच्या मोलाची आहे.

परंतु ही पेटी बिघडली म्हणजे काय होते? गावातील वायरमन मोटरचे वायंडिंग जाणतो, पेटीतील इलेक्ट्रॉनिकी जाणत नाही. पेटी नारायणगावास किंवा पुण्यास जाते. ती परत येईपर्यंत शेतकरी पुन्हा बॅटरी घेऊन रात्रीचा बाहेर पडतो. ती उघडून दोष ओळखणारा एखादा तरुण किंवा तरुणी गावातच का नसावी? शेत, गुरे व वडीलधारी माणसे सोडून चार वर्षे शहरात राहणे ज्याला शक्य नाही, त्याने हे शास्त्र शिकावे कसे?

याचे उत्तर असे की, या शास्त्राचा मोठा भाग आज शेतावर राहून शिकता येतो. पण एक भाग तसा शिकता येत नाही. ह्या दोहोंतील सीमा कोठे आहे हे शुल्क भरण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. ती न समजल्यामुळे देशात हजारो तरुणांचे पैसे व वर्षे वाया गेली आहेत.

हे शास्त्र तालुक्याला परके नाही

नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकार झाली. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश या तबकड्या ग्रहण करतात, ते काचतंतूंच्या तारांवाटे मध्यवर्ती इमारतीत येतात आणि संगणक त्या सर्वांचा मेळ घालतो. म्हणजे संदेश ग्रहण करणे हे इलेक्ट्रॉनिकीचे व त्यांचा हिशेब करणे हे संगणकाचे काम होय. त्याच परिसरात आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रहाद्वारे परदेशांशी संपर्क साधणारे भूकेंद्र उभे राहिले होते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, खोडदचे केंद्र लोकांना पाहण्यासाठी खुले करण्याचा प्रघात आहे. कार्यकर्त्यांनी गावातील इच्छुक मुलामुलींना एकदा तेथे अवश्य न्यावे.

पायली, अधोली, शेर, मापटे

संगणकाचे गणित फार अवघड असते असा एक समज आहे. त्याची पहिली पायरी घरातील वृद्ध माणसे जाणतात, हे सांगितले तर अनेकांस नवल वाटेल. जुन्या मापांची आठवण करा. दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक माप खालच्या मापाच्या दुप्पट. आता तेरा मापटी ज्वारी मोजावयाची आहे. पायलीचे माप एकदा भरले, ती आठ मापटी झाली. अधोली एकदा भरली, आणखी चार झाली. शेराचे माप लागले नाही. शेवटी मापटे एकदा भरले. एकूण तेरा. जे माप वापरले त्याखाली १ व जे वापरले नाही त्याखाली ० लिहा: पायली १, अधोली १, शेर ०, मापटे १. संगणक तेरा हा अंक ११०१ असा लिहितो, तो हाच. कोणतेही माप दोनदा भरावे लागत नाही, कारण दोनदा भरले तर वरचे माप एकदा भरता येते. यासच द्विमान अंकपद्धती म्हणतात. दहा चिन्हांऐवजी दोनच चिन्हे असल्यामुळे विजेला हे काम सोपे जाते. दाब आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. दारे धरताना सरीचे तोंड उघडे किंवा बंद असते, तिसरी अवस्था नसते, तसेच हे.

दुसरी पायरी तर्काची. मोटर केव्हा चालावी? तिन्ही फेज आहेत आणि विहिरीत पाणी आहे, तेव्हाच. यांतील एक जरी गोष्ट नसली तरी मोटर थांबली पाहिजे, नाहीतर जळेल. मोटर चालू करण्याची आज्ञा कोठून यावी? खोपीतील बटनावरून किंवा फोनवरून. दोहोंपैकी एकीकडून आली तरी पुरे. या ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तीन शब्दांचे काम करणारी लहान लहान मंडले असतात, आणि संगणकातील अब्जावधी सूक्ष्म कळा याच तीन शब्दांच्या जुळणीने चालतात. फोनवर चालणाऱ्या स्टार्टरमध्ये एक सिम कार्ड, एक छोटा संगणक व एक रिले असतो. संदेश आला की छोटा संगणक वरील अटी तपासतो. त्या पुऱ्या असल्या तर रिले क्षणभर जोडला जातो, म्हणजे जणू बटन दाबले जाते. पेटी बंद पडली म्हणजे दोष यांपैकी कोठे आहे हे क्रमाने शोधावयाचे असते. बहुतेक वेळा तो दोष सुटलेल्या जोडात, गंजलेल्या टोकात किंवा भाजलेल्या रिलेत सापडतो. त्यासाठी पदवी लागत नाही, समज लागते. पण पुढे नवी पेटी स्वतः रचावयाची असेल, किंवा या ज्ञानावर नोकरी-व्यवसाय करावयाचा असेल, तर पद्धतशीर शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही.

घरी राहून शिकण्याची परंपरा

टपालाने शिक्षण देण्याचा उपक्रम आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने सुरू केला. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान व तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोग करता यावेत म्हणून त्या विद्यापीठाने साहित्याच्या पेट्या टपालाने पाठविल्या. ज्याला प्रयोगशाळेत येता येत नाही त्याच्या घरी प्रयोगशाळा न्यावी, असा तो विचार होता. भारतात १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके काढली व राज्यभर अभ्यासकेंद्रे उघडली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या असंख्य शेतकऱ्यांना, शेतमजुरांना व विशेषतः घरच्या लेकी-सुनांना त्यामुळे पुन्हा पुस्तक हाती घेता आले.

अभियांत्रिकीत निराळी वाट होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था ए.एम.आय.ई. नावाची परीक्षा घेई, आणि १९५३ साली स्थापन झालेली दूरसंचार अभियंत्यांची संस्था इलेक्ट्रॉनिकीसाठी तशीच परीक्षा घेई. वीज मंडळ, तारखाते, रेल्वे यांतील अनेक कनिष्ठ कर्मचारी नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करीत या परीक्षांद्वारे अभियंते झाले. त्या काळी उत्तीर्णांना पदवीधर अभियंत्याच्या बरोबरीचे मानले जाई. पुढे केंद्र सरकारने ही समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरतीच ठेवली. वडीलधाऱ्यांपैकी कोणी ‘अमुक अमुक असेच इंजिनिअर झाले’ असे सांगतात, ते खोटे नसते. परंतु ती वाट आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे कार्यकर्त्यांनी समजावून सांगावे.

‘घरबसल्या इंजिनिअर’ या जाहिरातीविषयी

येथे थोडे कठोर लिहिणे भाग आहे. बी.ई. किंवा बी.टेक. ही अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. ऑनलाइन पद्धतीनेही ती देता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदही अभियांत्रिकीची पदविका वा पदवी दूरशिक्षणाने मान्य करीत नाही. तरीही अशा पदव्या पूर्वी विकल्या गेल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व त्यांना परिषदेची परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या मागे घेण्यात आल्या. यांत बढतीच्या आशेने शिकलेले नोकरदार होते. त्यांनी अभ्यास केला नव्हता असे नाही. ज्या दारातून ते आत गेले ते दारच खोटे निघाले.

शेतकरी कुटुंबात मुलाच्या शिक्षणाचे शुल्क पुष्कळदा एका पिकाच्या पैशातून किंवा कर्जातून जाते. म्हणून प्रवेशापूर्वी एवढी खात्री करावी: विद्यापीठाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी, त्या विशिष्ट वर्षासाठी मान्यता आहे काय. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाकडे ही यादी असते व ती कोणासही पाहता येते. मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊ नये; शुल्क विद्यापीठाच्या नावानेच भरावे. ‘सवलत आजच्यापुरती’ असे सांगणाऱ्याकडून बियाणे घेऊ नये, तसेच शिक्षणही घेऊ नये.

मग काय शिकता येते?

संगणकाच्या बाबतीत मार्ग मोकळा आहे. बी.सी.ए. व एम.सी.ए. या संगणक-उपयोजनाच्या पदव्या दूरशिक्षणाने घेता येतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बी.सी.ए. तीन वर्षांची असून ती सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. ही मुदत शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. एखाद्या वर्षी गारपीट झाली, घरात आजारपण निघाले, तर अभ्यास थांबतो पण बुडत नाही. प्रात्यक्षिकांस मात्र केंद्रावर हजर राहावेच लागते. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ओ, ए, बी, सी अशा चढत्या पातळ्यांच्या परीक्षा आहेत. त्यांची योजना १९९० पासून चालू आहे. त्यांतील ओ पातळी ही प्रारंभ करणाऱ्यास योग्य आहे.

इलेक्ट्रॉनिकीच्या बाबतीत अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. चेन्नई येथील भारतीय तंत्रशास्त्र संस्थेने, म्हणजे आय.आय.टी. मद्रासने, २०२३ साली इलेक्ट्रॉनिक प्रणाली या विषयाची बी.एस. पदवी सुरू केली. पाठ घरी पाहावयाचे, परीक्षा नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावयाची आणि प्रयोगशाळेच्या कामासाठी चेन्नईस जावयाचे, अशी तिची रचना आहे. बारावीस गणित व भौतिकशास्त्र असावे लागते. जे.ई.ई. द्यावी लागत नाही. काही आठवड्यांचा अभ्यास करून त्यावरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. मधल्या टप्प्यावर थांबल्यास त्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. ही पदवी बी.एस. आहे, बी.टेक. नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण ती नाव बदलून विकलेली वस्तू नाही. जे आहे तेच सांगून दिली जाते.

ज्याला पदवी नको, ज्ञान हवे, त्याने एन.पी.टी.ई.एल. व स्वयं यांवरील पाठ पाहावेत. आय.आय.टी.चे प्राध्यापक तेथे शिकवितात, शिकण्यास शुल्क नाही, प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. काही पाठांची मराठी रूपांतरेही झाली आहेत.

आणि ज्याला अभियंताच व्हावयाचे आहे? त्याने वर्गात बसले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा, तेथून तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षास आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. वाट लांब आहे, परंतु प्रत्येक मुक्कामावर हाताला काम मिळते. माझ्या मते दहावीनंतर घरी थांबलेल्या मुलास हीच वाट प्रथम दाखवावी. दूरशिक्षण हे ज्याला खरोखरच घर सोडता येत नाही त्याच्यासाठी आहे.

हाताने करावयाचे काम

इलेक्ट्रॉनिकी केवळ वाचून येत नाही. पोहणे जसे विहिरीत उतरल्याशिवाय येत नाही. त्यासाठी एक मल्टिमीटर, डाग देण्याची लहान इस्त्री, जोडणीचा पट, काही रोध, धारित्रे, दिवे व एक छोटा प्रोग्रॅम करता येणारा संच एवढे साहित्य पुरते. असा अर्दुइनो नावाचा संच २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. त्याची रचना सर्वांना खुली असल्यामुळे तो स्वस्त मिळतो. पहिला प्रयोग म्हणून कुंडीतील मातीत दोन खिळे रोवून ओली माती व कोरडी माती यांतून वाहणाऱ्या विजेत किती फरक पडतो ते मोजावे. जमिनीतील ओलावा मोजण्याच्या यंत्रामागील एक तत्त्व हेच. खिळे काही दिवसांत गंजतात व मोजमाप चुकू लागते. ते का चुकते याचा शोध घेताना विद्यार्थी जे शिकेल, ते पुस्तकाच्या पन्नास पानांतून शिकणार नाही.

एक सक्त सूचना. सर्व प्रयोग ५ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करावेत. मोटरच्या तिन्ही फेजना, घरातील विजेच्या बोर्डाला किंवा उघड्या स्टार्टरला शिकाऊ विद्यार्थ्याने हात लावू नये. वीज गेलेली आहे असे वाटत असताना ती परत येते, आणि मोटरचा कंडेन्सर वीज बंद केल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. ज्ञानाच्या उत्साहात मूल गमावण्याची पाळी कोणावर येऊ नये.

इंग्रजीच्या भीतीविषयी दोन शब्द. या शाखेतील बहुतेक पदवीशिक्षण इंग्रजीत आहे, हे खरे. पण ज्या मुलाने स्टार्टर, रिले, फेज, व्होल्टेज, अर्थिंग हे शब्द खोपीत ऐकून आत्मसात केले आहेत, त्याची निम्मी शब्दसंपत्ती आधीच तयार आहे. रोज पाच नवे शब्द वहीत मराठी अर्थासह लिहिले, तर एका वर्षात अडचण पुष्कळ कमी होते.

अभ्यासाचे वेळापत्रक

मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा साधारणपणे जून व डिसेंबर या महिन्यांत येतात. जूनमध्ये आपल्याकडे पेरणीची घाई आणि उन्हाळी टोमॅटोची तोडणी एकाच वेळी असते. नारायणगावच्या बाजारात माल पोहोचविताना पुस्तक उघडण्यास सवड मिळत नाही. म्हणून जूनच्या परीक्षेस एक-दोनच विषय घ्यावेत व अवघड विषय, विशेषतः गणित, डिसेंबरकडे ठेवावेत. त्यांचा अभ्यास पेरणी आटोपल्यानंतरच्या पावसाच्या दिवसांत होतो. पश्चिमेकडील भाताच्या गावांनी लावणी उरकल्यानंतरचा ऑगस्ट धरावा. डोंगराच्या आडोशाला जेथे फोनला रेंज मिळत नाही, तेथील विद्यार्थ्याने बाजाराच्या दिवशी जुन्नर, घोडेगाव किंवा मंचर येथे पाठ उतरवून घ्यावेत व आठवडाभर घरी पाहावेत. रोज पहाटेचा एक तास पुरतो. मात्र तो मोडू देऊ नये.

गावात अशी तीन-चार मुले-मुली असतील तर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एका खोलीत त्यांना संध्याकाळी एकत्र बसता येईल अशी व्यवस्था कार्यकर्त्यांनी करावी. एकट्याने घरी शिकणारा बहुधा पहिल्याच वर्षी गळतो; दुसरा एखादा सोबत असला म्हणजे टिकतो. मल्टिमीटर व संच सर्वांत मिळून एक घेतला तरी चालतो.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै सत्रांसाठी होतात. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यास अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा स्वतंत्र क्रमांक काढावा लागतो. जुलै सत्राच्या प्रवेशाची धांदल नेमकी पेरणीच्या धांदलीत सापडते. यास्तव दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार व जातीचा दाखला ही कागदपत्रे मे महिन्यातच एकत्र करून ठेवावीत, आणि नावाच्या अक्षरांत दाखल्यादाखल्यांत फरक असेल तर तो त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावा.